आपल्याच स्टँडवरचा माणूस असलं गाणं म्हणतो तेव्हा काय करायचं? (डॉर्टमुंड)

मंगळवार_पेठ_ते_डॉर्टमुंड – ६ मार्च, रात्री ११.४०

नमस्कार. दोन आठवडे झाले, हे लिहायला घेते आणि पुसून टाकते. आज लिहूनच झोपणार आहे.

मी कोल्हापूरची. लहानपणी बाबा मला खांद्यावर बसवून शाहू स्टेडियमवर न्यायचे, तेव्हापासून फुटबॉलचं वेड. शिकायला जर्मनीत डॉर्टमुंडला आले, अकरा वर्षं झाली, आता इथेच गोदामांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत आहे. इथला क्लब बोरुसिया, त्याच्या मॅचला दक्षिणेकडच्या उभ्याच्या स्टँडवर असते. ज्यांनी तो स्टँड फक्त टीव्हीवर पाहिलाय त्यांच्यासाठी: एका स्टँडवर जवळजवळ २५ हजार माणसं, सगळी उभी, सगळी पिवळी. युरोपात उभ्याचा एवढा मोठा स्टँड दुसरीकडे नाही.

माझी तिथली जागा एका माणसामुळे आहे. त्याला सगळे 'मायस्टर' म्हणतात. पोलादाच्या कारखान्यात तो फोरमन होता, तेव्हाचं नाव आहे. आता सत्तरी ओलांडली आहे. त्याचा भाऊ वारला, पण तिकीट एकदा सोडलं की पुन्हा मिळत नाही, म्हणून भावाच्या सीझन तिकिटाचे पैसे तो दरवर्षी भरत राहिला. माझ्या इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात मी स्टेशनवर कुणाकडे जादा तिकीट आहे का विचारत फिरत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "भांडत नाहीस ना?" आणि आत घेऊन गेला. तेव्हापासून ते तिकीट माझं. दोन्ही कार्डं तो तंबाखूच्या जुन्या पत्र्याच्या डबीत ठेवतो. गेटवर डबी उघडतो, माझं कार्ड माझ्या हातात देतो, मॅच संपली की परत घेतो. गोल झाला की वरून माणसांची लाट येते, म्हणून मला लोखंडी कठड्याच्या पुढे उभं करतो आणि स्वतः मागे थांबतो. २०२१मध्ये बाबा गेले. मला कोल्हापूरला जाता आलं नाही. हा माणूस वाटाण्याच्या सुपाचं पातेलं घेऊन तीन मजले चढून आला, स्वयंपाकघरात दोन तास बसला, एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी मला तेच हवं होतं.

आता जे घडलं ते. फेब्रुवारीत बाहेरगावची मॅच करून लोकलने परत येत होतो. आमचा गट वीसेक जणांचा. त्यात गेल्या वर्षी आलेली दोन तरुण पोरं आहेत. त्यांनी ते गाणं धरलं. इथे राहणाऱ्यांना माहीत असेल: प्रतिस्पर्ध्यासाठी भुयारी रेल्वे बांधू, त्यांच्या गावापासून थेट आउश्वित्झपर्यंत, म्हणजे नाझींनी ज्यूंना रेल्वेने नेऊन मारलं त्या छावणीपर्यंत. कुठल्याही क्लबचं नाव घालून म्हणतात. आमच्याकडे अर्थात शाल्के, आमचा कट्टर प्रतिस्पर्धी क्लब. शाल्केशी मॅच नसली तरी शाल्के असतंच.

पोरं म्हणाली त्याचा संताप आला. पण दुसऱ्या ओळीला मायस्टरचा आवाज त्यात मिसळला. बाटली टेबलावर आपटून ठेका धरत होता, चेहरा अगदी खुलला होता. पलीकडच्या बाकावर एक म्हातारी बाई होत्या, मांडीवर भाजीची कापडी पिशवी. त्या उठल्या, पिशवीचे दोन्ही बंद एका हातात गोळा केले आणि दांड्याला धरत धरत पुढच्या डब्यात गेल्या. त्यांना उतरायचं नव्हतं. गाडी धावत होती.

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. गाणं संपल्यावर मायस्टरने नेहमीप्रमाणे पिशवीतून चीज घातलेला पाव काढला, अर्धा मला दिला, म्हणाला, "खा, पोरी." आणि मी तो खाल्ला.

तो नाझी नाही, हे मी शपथेवर सांगते. त्याच्याशी एकट्याने बोलू? चाहत्यांमध्ये काम करणाऱ्या फॅन-प्रोजेक्टच्या लोकांना सांगू? का गट सोडून देऊ? तिकीट त्याचं आहे, मी परक्या देशातली आहे, माझा अधिकार कितपत, हेही मनात येतं. कुणी असल्या प्रसंगातून गेलं असेल तर मनापासून सांगा.

---

पुण्याचा_गनर – ७ मार्च, सकाळी ८.०५

ताई, तुमचा त्रास समजतो, पण कशाला अंगावर घेताय? स्टेडियममधली गाणी अशीच असतात, दारू प्यायलेली माणसं काहीही बरळतात. मॅच बघा, घरी या. खेळात राजकारण आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात तुम्ही तिकडे बाहेरच्या. उद्या काही झालं तर तुमच्या बाजूने कोण उभं राहणार?

---

मंगळवार_पेठ_ते_डॉर्टमुंड – ७ मार्च, दुपारी १.२०

@पुण्याचा_गनर, काळजीने लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण राजकारण मी आणलेलं नाही, ते माझ्या जन्माच्या आधीपासून या स्टँडवर आहे.

आमचा क्लब जिथे जन्मला त्या बोर्झिगप्लाट्झ चौकाच्या आसपास १९८२मध्ये 'बोरुसेनफ्रंट' नावाची टोळी उभी राहिली. म्होरक्या झीगफ्रीड बोर्शार्ट. त्याचं टोपणनावच 'एसएस-झीगी', हिटलरच्या एसएस दलावरून. ही मंडळी मॅचला पिवळा-काळा स्कार्फ घालायची आणि उरलेल्या वेळात त्याच मोहल्ल्यातल्या तुर्की लोकांना मारायची. तोच माणूस २०१४मध्ये अतिउजव्या पक्षातर्फे डॉर्टमुंडच्या नगर परिषदेवर निवडून आला. म्हणजे स्टँडवरून सभागृहात जायला बत्तीस वर्षं लागली, पण गेला. २०२१मध्ये वारला.

ऑगस्ट २०१२मध्ये सरकारने इथल्या एका नवनाझी संघटनेवर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी, हंगामाच्या पहिल्या मॅचला, आमच्याच स्टँडवर तिच्या समर्थनाचा फलक झळकला. फेब्रुवारी २०१३मध्ये संघाबरोबर युक्रेनमधल्या दोनेत्स्कला गेलेल्या, चाहत्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्याच दोन माणसांवर आपल्याच स्टँडवरच्या नवनाझींनी हल्ला केला. त्यांचा गुन्हा एवढाच, की असल्या लोकांना स्टँडवर जागा मिळू नये म्हणून ते खपत होते.

मी रोज ट्रामने मालिंक्रोड्ट रस्त्याजवळून कामाला जाते. तिथे मेहमेत कुबाशिक यांचं छोटं दुकान होतं. ४ एप्रिल २००६ रोजी नवनाझींनी त्यांना दुकानातच गोळ्या घातल्या. खुनी कोण हे २०११पर्यंत उघड झालं नाही, आणि तोवर पोलीस घरच्यांवरच संशय घेत राहिले. मला रेल्वेतलं ते गाणं नुसतं गाणं वाटत नाही, ते या शहरात राहते म्हणून.

याच क्लबचा दुसरा वारसाही आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. हाइनरिश चेर्कुस हे बोरुसियाचे मैदान सांभाळणारे गडी होते. कम्युनिस्ट. १९४५च्या ईस्टरच्या सुमारास, अमेरिकन सैन्य शहरात यायला काही दिवस उरले असताना, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना इतर कैद्यांबरोबर रानात नेऊन मारलं. त्या दिवसांत असे सुमारे ३०० जण मारले. दर गुड फ्रायडेला चाहते जुन्या 'रोटे एर्डे' मैदानापासून बिटरमार्कच्या स्मारकापर्यंत धावत किंवा चालत जातात. क्लबच्या मालकांनी नाही, स्टँडवरच्या माणसांनी हे सुरू केलं आणि टिकवलं. मी दोनदा गेले आहे. मायस्टर एकदाही आलेला नाही.

---

रंकाळ्याचा_वारा – ७ मार्च, रात्री १०.१५

ताई, मंगळवार पेठ म्हटल्यावर राहवलं नाही. मी शेजारच्या पेठेतला, तालमीचं नाव घेत नाही, कारण सांगतोय ते आमच्या तोंडाला काळं फासणारं आहे.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडच्या संघांत आफ्रिकेतले खेळाडू येतात. आमच्याकडे नायजेरियाचा एक फॉरवर्ड होता. पेठेचा लई जीव होता त्याच्यावर. सकाळी मिसळ, रात्री कुणाच्या तरी घरी तांबडा-पांढरा. जोतिबालाही नेऊन आणला, गुलालानं लाल होऊन आला. आणि समोरच्या संघातही एक आफ्रिकन पोरगा होता. त्याच्या पायात बॉल गेला की आमची गॅलरी माकडाचे आवाज काढायची. मीही काढलेत. खोटं कशाला बोलू.

एकदा मॅच जिंकून आमच्या फॉरवर्डला गाडीवर मागं बसवून सोडायला चाललो होतो. गंगावेशीत ट्रॅफिकमधी थांबलो. तो मागनं म्हणाला, आता मोडकंतोडकं मराठी शिकला होता, "दादा, तो आणि मी एका गावचे." एवढंच. मला वाटलं गाडी तिथंच टाकून कुठंतरी जावं. दोन वर्षं ह्यो पोरगा मैदानात आमच्यासाठी पळत होता, आणि गोल झाल्यावर जी गॅलरी त्याला डोक्यावर घेत होती तीच त्याच्या गावच्या पोराला माकड म्हणत होती. त्याला कळत नव्हतं असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढच्या मॅचला मी गॅलरीत उभं राहून सांगायला गेलो. "लई शाणा झालास व्हय रं?" खाली बसवलं मला. दोनदा असं झालं. भाषणानं काम होत नाही हे तेव्हा कळलं.

मग आमच्या हलगीवाल्या दोघांना चहाला बोलावलं. त्यांना म्हटलं, असला आवाज निघाला की हलगी बंद. लगेच. कुणी काही म्हणू दे, हात खाली. ते तयार झाले. दोघांनाही आयुष्यात जातीवरनं बोलून घ्यायची सवय होती, मला समजावून सांगायची गरजच पडली नाही. पहिल्या मॅचला हलगी थांबली तर लोक त्यांच्यावरच ओरडले. बंद म्हणजे बंद. हलगीबिगर गॅलरी म्हणजे तुम्हीच विचार करा ताई. पाच मिनिटांनी कुणीतरी म्हातारा मागनं ओरडला, "गप बसा की रं, वाजवू दे त्यांना!" पूर्ण थांबलं असं म्हणत नाही. पण पुढं ज्यानं केलं त्याला शेजारचाच गप करायचा.

तुमच्या गटात ठेका कोण धरतं ते बघा. तुमच्या लिहिण्यावरनं मला वाटतंय, तो म्हातारा तुमचा हलगीवाला आहे.

---

म्युन्स्टरची_सायकल – ८ मार्च, सकाळी ७.५०

वरचं वाचून डोळे भरून आले.

मी म्युन्स्टरमध्ये शिकत होते तेव्हा १४ फेब्रुवारी २०२०ला प्रॉयसेन म्युन्स्टर विरुद्ध व्युर्त्सबुर्ग ही तिसऱ्या श्रेणीची मॅच झाली. व्युर्त्सबुर्गचा बचावपटू लेरॉय क्वाडवो थ्रो-इन करून वळला आणि आमच्याच एका प्रेक्षकाने माकडाचे आवाज काढले. त्यानंतर जे झालं ते मला कायम आठवेल. आजूबाजूच्या लोकांनी मान खाली घातली नाही, त्याच्याकडे बोट दाखवलं. हाच तो. सुरक्षारक्षक येईपर्यंत त्याला निसटू दिलं नाही. मग सगळं स्टेडियम 'नाझी चालते व्हा' म्हणू लागलं. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्या माणसावर देशभरातल्या मैदानांची तीन वर्षांची बंदी आली. क्वाडवोने नंतर प्रेक्षकांचे आभार मानले.

तरी एक फरक लक्षात घ्या. तिथे बोट अनोळखी माणसाकडे होतं. तुम्हाला ते वाटाण्याचं सूप आणणाऱ्या माणसाकडे दाखवायचं आहे. म्हणून म्युन्स्टरची पद्धत इथे चालणार नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण मी काही वर्षं फॅन-प्रोजेक्टमध्ये स्वयंसेवक होते. ते पोलीस नाहीत आणि क्लबचे नोकरही नाहीत. सामाजिक कार्यकर्ते असतात. साधारण निम्मा पैसा फुटबॉल संघटनांकडून येतो, उरलेला शहर आणि राज्याकडून. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं. पण डॉक्टर किंवा वकिलासारखं गुपित राखायचं कायदेशीर संरक्षण त्यांना नाही. कार्ल्सरूहच्या तीन कार्यकर्त्यांनी चाहत्यांविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला म्हणून २०२४मध्ये त्यांच्यावरच खटला चालला. तेव्हा नावं घेण्याआधी थोडं थांबून विचार करा. आउश्वित्झवरचं ते गाणं दंड संहितेच्या कलम १३०मध्ये, म्हणजे द्वेष भडकवण्यात, बसू शकतं.

माझं मत: पोरांबद्दल फॅन-प्रोजेक्टला सांगा, आत्ताच. ती वीस-बावीस वर्षांची असतील तर अजून वेळ गेलेली नाही, आणि स्टँडवर असली पोरं हेरणारे लोक फिरतच असतात. मायस्टरशी मात्र तुम्ही स्वतः बोला. एकट्याने, गाडीत नाही, मॅचच्या दिवशी नाही, तो प्यायलेला नसताना. त्याच्या जागेत जा, त्याला घरी असल्यासारखं वाटेल अशा ठिकाणी. आणि "तू वंशद्वेषी आहेस" या वाक्याने सुरुवात करू नका. जे पाहिलंत ते सांगा. त्या बाई उठल्या, ते सांगा.

आणखी एक. बोरुसियाचे चाहते पोलंडला जातात, क्लब नेतो, माहीत असेलच. आउश्वित्झला, लुब्लिन आणि झामोश्चलाही. ३० एप्रिल १९४२ रोजी डॉर्टमुंडहून जवळजवळ ८०० ज्यूंना रेल्वेने झामोश्चला नेलं. जवळपास कुणीच परत आलं नाही. माझी एक मैत्रीण त्या सहलीला जाऊन आली. ती सांगत होती, बसमध्ये जाताना गाणी होती, येताना कुणी काही बोललं नाही, आणि मधल्या एका थांब्यावर एक दांडगा माणूस तिला म्हणाला, "मी ते रेल्वेचं गाणं किती वेळा म्हटलंय." त्याला गाण्यातली रेल्वे कधी रेल्वे वाटलीच नव्हती.

---

लातूरकर_लाइपझिग – ८ मार्च, संध्याकाळी ६.३०

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्या, समजून घ्या, असं सगळे म्हणतायत. इथे पूर्व जर्मनीत राहून मी उलटं शिकलो. पोरं गाणं धरतात, पण त्यांना परवानगी म्हातारी देतात. पोरांनी एकट्याने म्हटलं असतं तर ती दोन टवाळ पोरं होती. फोरमनने बाटली आपटली तेव्हा तो आख्ख्या डब्याचा ठराव झाला. तो मनाने नाझी नाही याने त्या बाईंना काही फरक पडला का?

आणि दरवेळी चांगली माणसंच जिंकतात असं धरून चालू नका. आखेनमध्ये वंशद्वेषाविरुद्ध उभा राहिलेला अल्ट्रा, म्हणजे कट्टर चाहत्यांचा, गट होता. त्यांच्याच क्लबच्या दुसऱ्या गटाने त्यांना धमकावलं, मारलं. शेवटी जानेवारी २०१३मध्ये त्यांनी स्टेडियम सोडलं. राहिले ते दुसरे. आमच्या शहरातल्या रोटर श्टेर्न या उघडपणे फॅसिझमविरोधी क्लबच्या खेळाडूंवर आणि चाहत्यांवर २००९मध्ये ब्रांडिस गावात मॅच चालू असताना नवनाझींनी हल्ला केला. लोखंडी सळया घेऊन आले होते.

तेव्हा बोला जरूर, पण एकट्या राहू नका. गटात आणखी कोण अस्वस्थ झालं होतं? त्या दिवशी खिडकीबाहेर बघणाऱ्या तुम्ही एकट्याच नसणार.

---

मंगळवार_पेठ_ते_डॉर्टमुंड – गुड फ्रायडेच्या रात्री

सहा आठवडे झाले. तुम्ही सगळ्यांनी एवढं मन लावून लिहिलंत, मला कळवायलाच हवं.

@लातूरकर_लाइपझिग, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी माझ्या पाठीमागच्या बाकावर गटातली एक बाई होती, शाळेच्या खानावळीत काम करते, पंधरा वर्षांपासून येते. तिला फोन केला. मी दोन वाक्यं बोलले आणि ती रडायला लागली. तिच्या मुलीचा नवरा इस्रायलहून आलेला आहे. नातवाला मॅचला आणायची तिची इच्छा आहे आणि ती आणत नाही. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. आणखी दोघे निघाले. चौघं झालो.

पोरांबद्दल फॅन-प्रोजेक्टला सांगितलं. एक जण त्यांच्याशी बोलायला गेला, दोनदा. दुसरा गेला नाही आणि मला त्याने सगळीकडून ब्लॉक केलं.

मग मायस्टर. शहराच्या कडेला त्याचा भाड्याचा बागेचा तुकडा आहे, शनिवारी तिथे गेले. तो करवंदासारख्या काटेरी झुडपांची छाटणी करत होता. मी गाडीतलं सगळं सांगितलं, जसं दिसलं तसं. तो म्हणाला, "ते शाल्केसाठी असतं गं पोरी. एकतीस वर्षं भट्टीवर माझ्या डाव्या हाताला तुर्की माणूस होता. मला शिकवू नकोस." मी म्हटलं, "पलीकडच्या बाई उठून पुढच्या डब्यात गेल्या, त्या पाहिल्यात?"

त्याने पाहिलं नव्हतं. कात्री थांबली. "कोण बाई? कशी होती?" मी सांगितलं: पिशवी, पांढरे आखूड केस, पिशवीचे बंद एका हातात गोळा केले ते. "किती वर्षांची?" मी म्हटलं, ऐंशीच्या पुढची असावी. तो बराच वेळ फांदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाऊस येईल, तू निघ." पाऊस येणार नव्हता.

पुढच्या दोन्ही मॅचना गेटवर आला, डबी उघडली, कार्ड दिलं. बोलला नाही. पाव आणला नाही. कठड्याच्या मागे मात्र उभा राहिला, नेहमीच्या जागी.

गेल्या आठवड्यात पुन्हा लोकलने परतत होतो. मला ब्लॉक केलेल्या त्या पोराने गाणं धरलं, मला वाटतं मुद्दाम. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बंद कर." आवाज फाटला माझा. तो म्हणाला, आपल्या देशात जाऊन सांग. खानावळवाली उठली, मग ते दोघे उठले. ती त्याला म्हणाली, "पुढच्या स्टेशनला तू उतर, नाहीतर आम्ही गार्डला बोलावतो." गाणं तिथेच विझलं. रंकाळ्याकाठच्या दादा, मी सगळा वेळ मायस्टरच्या हाताकडे बघत होते. बाटली हातात होती. त्याने ती टेबलावर ठेवली नाही, मांडीवर धरून बसला. गायला नाही. आमच्या बाजूने उठलाही नाही. पोरगा बोखुमला उतरला.

मी त्याला आजच्या चालण्याचं सांगितलं होतं. नऊ वाजल्यापासून रोटे एर्डेच्या फाटकाशी थांबले. पिवळे-काळे स्कार्फ घातलेली माणसं जमत होती, काही लहान मुलं, काही जण कुत्री घेऊन. तो आला नाही. आम्ही चौघं चाललो. रानात अजून पालवी धड फुटलेली नाही, वाटेवर चिखल होता. स्मारकापाशी चेर्कुस यांचं नाव घेतलं तेव्हा खानावळवालीने माझा हात धरला होता. तिने नातवाला आणलं होतं, पहिल्यांदाच.

घरी आले तर टपालपेटीत एक पाकीट होतं. आत माझं सीझन तिकिटाचं कार्ड. चिठ्ठी नाही. दहा वर्षांत ते कार्ड मॅचच्या वेळेपलीकडे कधी माझ्या हातात राहिलेलं नाही. आता गेटवर भेटायची गरज नाही असं त्याला म्हणायचंय, की हे आता तुझंच असं म्हणायचंय, मला कळत नाहीये. फोन केला, उचलला नाही.

रविवारी घरची मॅच आहे. तासभर आधी गेटवर जाऊन थांबणार आहे. पाव या वेळी मी नेणार आहे, चीज घालून, दोघांपुरता.